मोघे मॅच बघत नाहीत

स्टेडियममध्ये आठ-नऊ हजार माणसं असायची. चेंडू डावीकडे गेला की सगळी डोकी डावीकडे वळायची, उजवीकडे गेला की उजवीकडे. त्यात एक डोकं मात्र ढिम्म हलायचं नाही. ते मोघ्यांचं. डोळ्यांना पक्षी बघायची दुर्बीण आणि ती समोरच्या स्टँडवर रोखलेली. गोल झाला, आजूबाजूच्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, कुणाची तरी बिअर मोघ्यांच्या खांद्यावर सांडली, तरी दुर्बीण जागची हलत नसे. फक्त ओठ हलायचे. "आहे. दिसतेय. उभी आहे. बसली. पाणी पितेय."

सोमवारी ऑफिसात एखादा डच सहकारी विचारायचा, कशी झाली कालची मॅच? मोघे समाधानानं सांगायचे, "उत्तम. सगळे सुखरूप घरी गेले."

तो बिचारा पुढचा प्रश्न गिळून कॉफीच्या मशीनकडे निघून जायचा.

तर हे अविनाश मोघे. वय सत्तेचाळीस, मूळचे पुण्याचे. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास आम्ही हॉलंडमध्ये लायडस्खेनडाम-फोरबर्गला राहायला गेलो, तेव्हा ते आमच्या वरच्या मजल्यावर होते. माझं आणि त्यांचं ऑफिस एकच, स्लोटरडाइकला, त्यामुळे रोजची ट्रेन बरोबर. ऑफिसात ते मोघे, बिल्डिंगमध्ये मोघेकाका. काम त्यांचं असं, की उद्या कंपनीचे सगळे कॉम्प्युटर बंद पडले, आग लागली, पाणी शिरलं, तर काय करायचं याचे प्लॅन आधीच करून ठेवायचे. म्हणजे काहीतरी वाईट होणार आहे या एका विचाराचा त्यांना दरमहा पगार मिळायचा. देवानं माणूस बघून काम दिलं होतं.

कारण मोघे भित्रे होते. मी नावं ठेवत नाही हो, ते स्वतःच म्हणायचे. "मी भित्रा आहे, त्यात लपवायचं काय?" कुत्र्याला भ्यायचे, लिफ्टला भ्यायचे, कालव्याच्या कडेनं चालताना भिंतीला चिकटून चालायचे. सायकल त्यांनी घेतलीच नाही. हॉलंडमध्ये राहून सायकल न घेणं म्हणजे पंक्तीत बसून न जेवण्यासारखं, पण मोघे म्हणायचे, "दोन चाकांवर माणूस उभा राहतो हेच मला पटत नाही." हिवाळा सुरू झाला की त्यांच्या डोक्यावर मरून रंगाची माकडटोपी चढायची ती एप्रिलपर्यंत उतरायची नाही. अख्ख्या देशात तशी टोपी दुसरी नसेल.

अशा माणसाला एकुलती एक मुलगी, केतकी. तिची आई, नंदा, केतकी सहा वर्षांची असताना पुण्यात वारली. त्यानंतर वर्षभरात मोघे मुलीला घेऊन इकडे आले. मी पाहिली तेव्हा ती सतरा वर्षांची होती, बापापेक्षा वीतभर उंच. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर डचमध्ये, फार तर इंग्रजीत. मराठीत बोलायची ती मनापासून काही हवं असेल तरच. आणि भीती म्हणाल तर तिला ठाऊकच नव्हती. त्या घरातली सगळी भीती बापानं एकट्यानं वापरून संपवली होती बहुतेक.

शाळेच्या बँडमध्ये ती मोठा ढोल वाजवायची. तिची मैत्रीण फ्लूर, ती ट्रेननं चाळीस मिनिटांवरच्या एका गावातली. त्या गावाचा फुटबॉल क्लब दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला, तिथल्या सर्वांत आरडाओरडा करणाऱ्या स्टँडमध्ये फ्लूरचे घरचे बसायचे. त्यांचा ढोलवाला काम बदलून दुसऱ्या गावी गेला आणि केतकी त्याच्या जागी उभी राहिली. हे तिनं घरी जेवताना सांगितलं. मोघ्यांचं धाबंच दणाणलं. टीव्हीवर त्यांनी फुटबॉल पाहिलेला तो फक्त बातम्यांमध्ये, म्हणजे खुर्च्या फेकणारी माणसं आणि त्यांच्यामागे धावणारे पोलीस.

"मी पण येतो तुझ्याबरोबर," मोघे म्हणाले.

"बाबा, दू नॉर्माल," ती म्हणाली. म्हणजे नीट वाग, चारचौघांसारखा. हे वाक्य डच लोक लहान मुलांना, कुत्र्यांना आणि मंत्र्यांना सारखंच ऐकवतात. मग तिनं मराठीत सांगितलं, "तू तिथे आलास ना, तर मी परत कधीच तुला काही सांगणार नाही."

मी मोघ्यांना विचारलं होतं, सरळ 'नको जाऊस' असं का नाही म्हणालात? ते म्हणाले, "त्याचीही भीती वाटली. नाही म्हटलं असतं तर न सांगता गेली असती. आता निदान कुठे आहे ते कळतं."

म्हणून मोघ्यांनी गुपचूप अख्ख्या मोसमाची सीट घेतली, बरोबर तिच्या समोरच्या स्टँडमध्ये. मध्ये सगळं मैदान. तिकिटासाठी क्लबचं फोटो असलेलं कार्ड काढावं लागायचं. त्या कार्डावरच्या फोटोत मोघे असे दिसत होते की कुणीतरी त्यांना आत्ताच वाईट बातमी दिली आहे.

मला हे कसं कळलं? तर एकदा ट्रेनमध्ये त्यांच्या लॅपटॉपवर मी एक शीट उघडी पाहिली. वर लिहिलेलं, मॅच-डे रिस्क रजिस्टर. ऑफिसात सर्व्हरसाठी करतात तस्सं. धोका, शक्यता, परिणाम, उपाय, जबाबदार व्यक्ती, असे रकाने. खाली ओळी. पोलिसांचा घोडा: शक्यता मध्यम, उपाय मागच्या पायांपासून लांब राहणे. धुराचं नळकांडं. ढोल अंगावर पडणे. स्टँड कोसळणे. परतीची ट्राम चुकणे. घसा बसणे. सतराव्या ओळीत नुसतं 'मुलगे'. शक्यता जास्त. उपायाच्या रकान्यात एकच शब्द, 'नजर'. आणि जबाबदार व्यक्ती वरपासून खालपर्यंत एकच, ए. मोघे.

मला हसू आवरेना. आणि माझी दुर्बुद्धी बघा, मी गमतीत विचारलं, "आणि मॅचमध्ये तुम्हालाच चक्कर आली तर? तुमचा बॅकअप कोण?"

मोघ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्याच्या प्लॅनमध्ये ही चूक ते पाच मिनिटांत काढायचे, स्वतःच्या प्लॅनमध्ये ती महिनाभर तशीच होती. रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे. "वैशाली, तू माझी बॅकअप होशील का?" माझा नवरा आठवडाभर आइंडहोवनला राहायचा आणि रविवारी झोपायचा. तो पांघरुणातूनच म्हणाला, घेऊन जा हो तिला. अशी मी फुटबॉलला गेले.

मॅचच्या दिवशीचे मोघ्यांचे विधी सकाळपासून सुरू व्हायचे. केतकी आंघोळीला गेली की तिचा क्लबचा स्कार्फ खुंटीवरून काढून त्याची मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढायची. पहिल्या वेळी त्यांनी रीतीप्रमाणे मिरच्या तव्यावर टाकल्या, तर धुराचा अलार्म वाजला, बिल्डिंगमधली सगळी माणसं खाली उतरली आणि मोघे ठसका लागलेल्या अवस्थेत डचमध्ये माफी मागत फिरले. तेव्हापासून मिरच्या जाळणं बंद. उतरवायच्या आणि खाली जाऊन ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या, कारण नगरपालिकेचा नियम. वाईट नजरसुद्धा नियमाप्रमाणे वेगळी काढून टाकणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

तिच्या जॅकेटच्या अस्तरात त्यांनी आतून एक चिठ्ठी शिवली होती. रक्तगट, डॉक्टरांचा नंबर, स्वतःचा नंबर, आणि माझ्या नकळत माझाही. ती एक वाजता निघायची म्हणून हे साडेअकराला निघायचे. पोचायचे तेव्हा स्टेडियमवर गवताला पाणी घालणारा माणूस आणि मोघे असे दोघेच. मोघे बाहेर पडायची दारं मोजत अख्खी फेरी मारायचे.

हळूहळू गर्दी जमायची. स्टेशनकडून लोक गात येत. खिडक्यांतून स्कार्फ लोंबत. परतलेल्या कांद्याचा वास, कागदाच्या सुरळीत बटाट्याच्या कापा आणि वर मेयोनीजचा डोंगर. सगळं खरं तर जत्रेसारखं, पण मोघ्यांबरोबर चालताना मला त्यात भलतंच दिसायला लागलं. घोडा दिसला की मी आधी मागचे पाय बघायची. हसणारा माणूस दिसला की हा आत्ता का हसतोय असं वाटायचं. हसायला म्हणून गेले आणि पहिल्याच मॅचला मीही बाहेर पडायची दारं मोजायला लागले. दुसऱ्याची भीती सर्दीसारखी लागते, खोटं नाही सांगत.

आमच्या शेजारच्या सीटवर हेंक म्हणून एक म्हातारा बसायचा, चाळीस वर्षं त्याच जागी. मोघ्यांना विधींच्या बाबतीत कुणी जोड भेटला असेल तर तो हाच. मॅचच्या दिवशी क्लबचं नाव घ्यायचं नाही, नाहीतर हरतो, हा हेंकचा नियम. मोघ्यांनी तो ताबडतोब उचलला. मी इथेही ते नाव लिहीत नाहीये, आज रविवार आहे म्हणून. शिट्टी वाजली की हेंक पेपरमिंटची गुंडाळी ओळीतून पुढे पाठवायचा, प्रत्येकानं एक घ्यायची. मोघे घशात अडकेल म्हणून खायचे नाहीत, पण नाही म्हटलं तर काही होईल म्हणून घ्यायचे. त्यांच्या कोटाच्या खिशात पेपरमिंटचा खच पडला होता.

बाराव्या मिनिटाला सगळं स्टेडियम उभं राहून एक मिनिट टाळ्या वाजवायचं. फार वर्षांपूर्वी त्या क्लबचा एक गोलकीपर तरुणपणी वारला होता, त्याच्यासाठी. हेंकनं त्याला खेळताना पाहिलं होतं, त्याचे डोळे दर वेळी भरायचे. मोघेही उभे राहायचे. तेवढं एक मिनिट दुर्बीण गळ्यात लोंबायची आणि ते दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायचे. मग लगेच दुर्बीण वर. "आहे. दिसतेय."

असे पाच-सहा सामने निभावले. केतकीला पत्ता नव्हता. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा मोघे आधीची ट्रेन पकडून, कपडे बदलून, पेपर वाचत बसलेले. "कशी झाली मॅच?" हे विचारायचे. ती डचमध्ये भरभरून सांगायची आणि हे अगदी पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकायचे. खरंच पहिल्यांदाच ऐकायचे म्हणा, मॅच पाहिली होती कुणी?

मग मार्चमधला तो रविवार आला. शेजारच्या गावाच्या टीमशी मॅच होती, त्या दोन गावांचं पिढ्यांचं वैर. सकाळीच मोघे म्हणाले, "आज नको वाटतंय." पण त्यांना दर वेळीच नको वाटायचं, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही. स्टेशनवर नेहमीपेक्षा दुप्पट पोलीस होते. मोघ्यांनी ट्राममध्ये मला पुन्हा एकदा प्लॅन सांगितला. काही झालं तर मी जागेवर बसून दुर्बिणीनं बघायचं, आणि त्यांनी मैदानाला वळसा घालून तिच्या स्टँडच्या जिन्याखाली जाऊन उभं राहायचं. ती खाली उतरलीच तर हाताशी असावं म्हणून.

दुसऱ्या हाफमध्ये तिच्या स्टँडच्या कोपऱ्यात लाल उजेड झाला. मग धूर. आधी लोक ओरडले, मग एकदम गाणं थांबलं. इतक्या माणसांचं गाणं मध्येच थांबलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. धूर पसरत पसरत ढोलापर्यंत गेला आणि समोरचा स्टँड अर्धा नाहीसा झाला.

"दिसत नाही," मोघे म्हणाले. मग पुन्हा, "दिसत नाही, वैशाली."

लाउडस्पीकरवर काहीतरी सांगत होते. हेंकनं मोघ्यांची बाही धरली आणि हातानं खूण केली, बसा, सगळ्यांनी बसून राहायचं आहे. मोघ्यांनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली, बाही सोडवून घेतली आणि गेले. भिंतीला चिकटून चालणारा माणूस जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

मी दुर्बीण लावली. आधी नुसता लाल धूर दिसला. मग वारा आला, धूर पातळ झाला आणि मला केतकी दिसली. वरच्या पायरीवर ढोलाला टेकून बसली होती आणि फ्लूरबरोबर बटाट्याच्या कापा खात होती. तिच्या आजूबाजूचे सगळे तसेच निवांत. दंगा होता तो खाली कोपऱ्यात, वीस-पंचवीस टारगट पोरांचा. माझा जीव भांड्यात पडला. मोघ्यांना आत्ता सांगावं असं वाटलं, पण सांगणार कसं? त्यांनी मोबाइल बॅगेत ठेवला होता आणि बॅग माझ्या पायाशी.

तेवढ्यात केतकी उठून उभी राहिली. कठड्यावरून वाकून खाली बघायला लागली. मी दुर्बीण खाली नेली. स्टँड आणि कुंपणाच्या मधल्या बोळातून कोपऱ्यातली माणसं पळत येत होती, मागे काठ्या घेतलेले पोलीस. आणि त्या बोळाच्या मधोमध, जिन्याचा लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरून, मरून माकडटोपी उभी होती. प्लॅनमध्ये लिहिलेल्या जागेवर, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. लोक त्यांना आपटून पुढे जात होते आणि ते हलत नव्हते.

मी उभी राहून ओरडत होते, "केतकी, उतरू नको, उतरू नको." मराठीत, मैदानापलीकडून. कुणाला ऐकू जाणार होतं? तिनं जिन्यावर उडी टाकली आणि त्या गर्दीत शिरली. एक क्षण तिचा हात टोपीपर्यंत पोचलेला दिसला. मग माणसांचा लोंढा मध्ये आला आणि मला काही दिसेना. मोघे दर रविवारी काय भोगत असतील ते त्या दोन मिनिटांत मला कळलं. कुणाच्या शत्रूवर येऊ नयेत अशी दोन मिनिटं.

हेंक मला हाताला धरून प्रथमोपचाराच्या खोलीत घेऊन गेला. मोघ्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. केतकीच्या कपाळाला कुणाचं तरी कोपर लागलं होतं, भुवईच्या वर तीन टाके पडले. डॉक्टर टाके घालत होते तेव्हा मोघे भिंतीकडे तोंड करून उभे होते. टोपी हातात चुरगाळलेली.

परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही तिघं समोरासमोर. मला वाटलं, आता ही कडाडणार. पण ती हळू आवाजात, मराठीत म्हणाली, "बाबा, मी वर होते. वर काहीच नव्हतं."

मोघ्यांनी मान हलवली. ती पुढे म्हणाली, "तू दिसलास म्हणून मी घाबरले." एवढंच. मग खिडकीबाहेर बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, आणि मोघ्यांनाही वाटलं असणार.

दोन-तीन दिवसांनी ट्रेनमध्ये मोघ्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. रजिस्टरमध्ये सर्वांत वर एक नवी ओळ होती. धोका: बाबा. शक्यता जास्त, परिणाम गंभीर. उपाय, घरी बसणे. मला हसावं की काय करावं कळेना. ते म्हणाले, "इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगतो, आधी बघा की तुमचा उपायच धोका होत नाहीये ना. पहिल्या दिवशी शिकवतो हे मी." आणि लॅपटॉप मिटून पोचेपर्यंत डोळे मिटून बसले.

पुढची घरची मॅच तीन आठवड्यांनी होती. केतकीनं जाऊ का विचारलं नाही आणि मोघ्यांनी जाऊ नको म्हटलं नाही. ती निघाली तेव्हा मी जिन्यात होते. मोघे दारात उभे राहून म्हणाले, "जा तू. मी येत नाहीये. शप्पथ." ती खाली उतरली, परत दोन पायऱ्या वर चढली, त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि गेली.

अडीचला मॅच सुरू होणार होती. सव्वादोनला मी थालीपीठं घेऊन वर गेले, कारण हा माणूस जेवला नसणार हे मला माहीत होतं. दार उघडंच होतं. मोघे स्वयंपाकघरातल्या खुर्चीत, अंगात कोट, पायांत बूट, हात मांडीवर. घड्याळाकडे बघत होते.

"कोट काढा की," मी म्हणाले.

"काढतो," म्हणाले, आणि काढला नाही.

मी ताट वाढलं. त्यांनी एक तुकडा मोडला आणि तसाच धरून ठेवला. अडीच वाजून गेले. मी उगाच इकडचं तिकडचं बोलत होते, ऑफिसातलं, बटाट्यांचं, हवेचं. शेवटी न राहवून विचारलंच. "मोघेकाका, एवढं कसलं हो भ्यायचं? हुशार पोर आहे. इतकी भीती आली कुठून तुमच्यात?"

त्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. मग त्या तुकड्याकडे बघत म्हणाले, "मी आधी असा नव्हतो. नंदाला विचारलं असतंस तर तिनं सांगितलं असतं. सिंहगड मी पावसात चढायचो." जरा थांबले. "तिला ताप आला होता. तिला काळजी वाटत होती, दवाखान्यात जाऊ म्हणत होती. मी म्हटलं, साधा ताप आहे, घाबरतेस काय. गोळी घे आणि झोप. ऑफिसात त्या आठवड्यात मोठं काम होतं. तीन दिवस मी रोज सकाळी तिला हेच म्हणून गेलो. चौथ्या दिवशी अ‍ॅडमिट केलं. पाचव्या दिवशी संपलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते पुसायचंही सुचेना.

"मला जराही भीती वाटली नव्हती, वैशाली," मोघे म्हणाले. "घाबरायला हवं होतं तेव्हाच मी घाबरलो नाही. म्हणून आता मी भीतीला कधी सुट्टी देत नाही."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. छोट्या पडद्यावर केतकीचं नाव. मोघ्यांचा हात पुढे गेला आणि तसाच हवेत राहिला. उचलवेना त्यांना. शेवटी मीच उचलला आणि हॅलो म्हटलं.

"वैशालीमावशी? बाबाला दे." मराठीत. आवाज नेहमीचा होता, मागे प्रचंड गलका.

मी फोन त्यांच्या कानाला लावला. पलीकडून ती काही बोलली नाही. फोन चालू ठेवून तिनं जॅकेटच्या खिशात टाकला असणार, कारण टेबलाच्या या बाजूला मलाही सगळं ऐकू येत होतं. हजारो माणसांचं गाणं, शिट्ट्या, कुणाचं तरी हसणं, आणि अगदी जवळून ढोल. धडाड, धडाड, मग जरा थांबून पुन्हा. कापडातून येत असल्यामुळे तो आवाज दबका आणि एकसारखा येत होता.

मोघ्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांनी धरला. मी म्हटलं, आता काहीतरी विचारतील, टोपी घातलीस का, कुंपणापासून लांब आहेस ना. काही विचारलं नाही. डोळे मिटून ऐकत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ताटातली थालीपीठं गार झाली. मी हळूच उठून गॅलरीचं दार लावलं, रस्त्यावरचा आवाज येऊ नये म्हणून.

मग पलीकडचा ढोल थांबला. खिशातून फोन काढल्यासारखी खसखस झाली आणि केतकीचा आवाज आला, धापा टाकत. "बाबा? आहेस ना?"

"आहे," मोघे म्हणाले. "तू वाजव."